गाढव मारायचं काही कारण नव्हतं

त्या पाच जाड पुस्तकांबद्दल माझं पहिलं म्हणणं असं की तिसऱ्या भागात लेखकाने गाढव मारलं, ते मारायचं काही कारण नव्हतं. बाकीचे मेले ते मेले. राजे मेले, सेनापती मेले, एक अख्खं गाव नदीत गेलं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. लढाई म्हटली की ते आलंच. पण गाढव कोणाच्या अध्यात ना मध्यात. आणि त्या गाढवावर आमचं सगळं वाचन टिकून होतं. लेखकाला हे माहीत नसेल, पण मारण्याआधी माणसाने विचार करावा.

सूनबाई म्हणते, आबा, तुमची मतं लिहून काढा, लोक वाचतात अशी मतं. म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला माणूस आहे, आणि चौथीही पुरी नाही, कारण दिवाळीच्या सुट्टीत कापूस वेचायला घरी बसलो तो परत शाळेत गेलो नाही. पण आमच्या रनाळ्यात पोथी लावायची असली की अजून माझ्याच दारी येतात. शिकलेले गावात पुष्कळ झाले, त्यांना चालीवर वाचता येत नाही. पेपर वाचल्यासारखं वाचतात.

लेखकाचं नाव मी इथे घेणार नाही. माझा त्याच्यावर राग आहे, आणि ज्याच्यावर राग आहे त्याचं नाव मी घेत नसतो. पुस्तकाचंही घेत नाही. ज्यांनी वाचलं असेल त्यांना गाढवावरून समजेल.

पुस्तकं घरात आली ती सूनबाईमुळे. ती धडगावला सरकारी कचेरीत आहे. सोमवारी जीपने घाट चढते, शनिवारी उतरते. तिकडे संध्याकाळी लाइट गेली की करायला काही नसतं, म्हणून तिने हा नाद लावून घेतला. एका शनिवारी तिने पहिला भाग घरी आणला आणि सोमवारी घाईत ओट्यावरच ठेवून गेली. काळा पुठ्ठा, त्यावर लोखंडी मुकुट घातलेला एक माणूस, आणि डोळ्यांच्या जागी दोन लाल ठिपके. माझं पहिलं मत तिथेच झालं. म्हटलं, हा माणूस कामाचा दिसतो.

आता मला मनात वाचता येत नाही. ओठ हलले नाहीत तर माझी अक्षरं पुढे सरकत नाहीत, जागेवर उभी राहतात. आणि मोठ्याने वाचायचं तर मला एकच चाल येते, पोथीची. तेव्हा मी ओट्यावर बसून त्या मुकुटवाल्याचं पुस्तक पोथीच्या चालीवर सुरू केलं. दोन पानं झाली नसतील, भिंतीपलीकडून जिजीने आवाज दिला की आज कोणती पोथी लावली, आणि एकटा काय वाचत बसलास, इकडे ये, चार बाया ऐकतील.

जिजी म्हणजे माझी मोठी बहीण. तिचं सासर याच गावात, आमच्या घराला लागून. मेहुणे कधीच गेले, मुलगा सुरतेला असतो, ती एकटी राहते. दुपारी तिच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया वाळलेल्या मिरच्यांची देठं खुडायला बसतात. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ती चपलेच्या आवाजावरून ओळखायची, पण मिरची बोटांना कळते, म्हणून तिचं खुडणं काही थांबलं नव्हतं.

मला वडिलांनी पोथी वाचायला शिकवली तेव्हा नियमही शिकवले. पोथी पाटावर ठेवायची. वाचताना एक अक्षर गाळायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही. अध्याय झाला की आपल्या बोलीत अर्थ सांगायचा, तो मात्र वाचणाऱ्याचा. आणि सगळ्यांत मोठा नियम, वाईट प्रसंगावर पोथी मिटायची नाही. कोणी मेलं, कोणाला पळवून नेलं, तिथे थांबायचं नाही. पुढे वाचत जायचं, काही चांगलं घडेल तिथे हात जोडायचे आणि मग मिटायची. नाहीतर ते वाईट ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं. कोणी म्हणेल, ही तर कादंबरी आहे. असेल. पण पाट तोच, चाल तीच, वाचणारा मी. नियम कसे बदलतील?

पहिल्या दिवशी सुरुवातच चार-पाच वेळा करावी लागली. कामाच्या आरंभाला शिंक आली की थांबून पाणी पिऊन पुन्हा सुरू करायचं, आणि मिरचीच्या ढिगाशेजारी शिंकेशिवाय आरंभ होतो कुठे? शेवटी जिजीने ठरवलं की मिरचीची शिंक धरायची नाही, सर्दीची तेवढी धरायची.

पुस्तकात एका कुंभाराची मुलगी असते. ती पुढे राणी होते. तिसऱ्याच पानावर काळ्या राजाचे लोक येऊन तिचं गाव जाळतात. म्हणजे मिटता येईना. पुढे वाचलं तर तिचा बाप मेला. आणखी पुढे वाचलं तर काका फासावर गेला. विहिरीत विष, रानात भुतं, आणि सूर्य उगवेनासा झाला तो नऊ वर्षं उगवत नाही असं लिहिलेलं. बायांच्या मिरच्या खुडून झाल्या. गुरं घरी आली. एकीचा नवरा दोनदा येऊन बघून गेला की बायको स्वयंपाकाला कधी येते. माझा घसा बसला. पण चांगलं म्हणून काही घडेना. दिवेलागणीला अशी ओळ आली की कुंभाराचं लंगडं गाढव जळक्या गावातून चालत गेलं आणि विहिरीपाशी त्याला थोडं हिरवं गवत मिळालं.

जिजी लगेच म्हणाली, "बस. गाढवनं पोट भरनं. मिट आते."

सगळ्यांनी हात जोडले. त्या दिवसापासून गाढव हे आमचं विश्रांतीचं ठिकाण झालं. ते पुस्तकात अधूनमधून यायचं. कुठे सावलीला बसलं, कुठे कोणी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. कितीही माणसं मरू द्या, गाढव आलं की आम्ही मिटायचो. बायाही तसंच विचारायच्या, आज गाढव लवकर येईल ना, घरी पीठ मळायचंय.

आता काळ्या राजाबद्दल. सूनबाईचं आणि माझं इथे जमत नाही. ती म्हणते, काळा राजा म्हणजे खरा राजा नाही, आपल्या मनातली भीती आहे. मी तिला म्हटलं, राजा तो राजा. भीतीला किल्ला बांधता येतो का? त्या पाचही भागांत वेळेवर उठणारा माणूस तो एकटा आहे. राजपुत्र दुपारपर्यंत झोपतो आणि मग गच्चीवर उभं राहून उसासे टाकतो. एका तलवारीसाठी तो अर्धा दुसरा भाग डोंगर ओलांडत फिरतो, आणि लोहार त्याच्याच गावात बसलेला. ती भविष्य सांगणारी म्हातारी, तिने पहिल्या भागात अर्धं वाक्य सांगितलं आणि उरलेलं चौथ्या भागात. काळा राजा असं करत नाही. जाळायचं म्हटलं की जाळतो, सकाळीच.

पण तो चुकतो तिथे चुकतो हेही मी सांगतो, मी एकतर्फी नाही. उभं पीक जाळलं हे चूक. शत्रूचं असलं तरी पीक काढून घ्यायचं, मग जाळायचं तर धसकटं जाळावी. दुसरं, नऊ वर्षं सूर्य नाही तर एवढी फौज खाते काय? लेखक म्हणतो, त्याचे शिपाई मेलेले आहेत, त्यांना भूक लागत नाही. मान्य. घोडे तर जिवंत आहेत. बायांनी विचारलं की सूर्य नाही तर त्या मुलखात मिरची वाळवतात कशावर, आणि पथारीवर, म्हणजे मिरची वाळवायच्या मैदानावर, कामाला जाणाऱ्या बायांचं काय होतं. पोथीत उत्तर नव्हतं. तेव्हा मी अर्थ करताना सांगितलं की धान्य आणि मिरची गुजरातेतून येत असणार, विसरवाडीच्या रस्त्याने, ट्रकने. ते त्यांना पटलं. सगळंच तिकडून येतं.

दुसऱ्या भागभर काळ्या राजाला खोकला आहे. तो लेखकाने चांगला लिहिलाय, वाचताना मलाही खोकला यायचा. शेवटी एक चेटकीण त्याला काढा देते आणि खोकला जातो. त्या दिवशी गाढव आलं नव्हतं, म्हणून आम्ही खोकल्यावर मिटली आणि जिजीने साखर वाटली. भाग संपला की नारळ फोडायचो. नारळाचा तुकडा घेऊन मी घरी आलो की सूनबाई विचारायची कसला प्रसाद, आणि मी सांगायचो की राजधानी पडली.

मग तिसऱ्या भागात त्याने गाढव मारलं. एका वाक्यात. धड कारणही नाही, पूल तुटला आणि गाढव गेलं. मी वाचताना थांबलो. अक्षर गाळायचं नाही म्हणून पुढे वाचलं, पण चाल राहिली नाही. बाया खुडायच्या थांबल्या. त्या दिवशी मिटायला जागा मिळेना म्हणून एका दाराची कडी निघाली त्यावर मिटली, पण कोणाचं समाधान नव्हतं. एक बाई तर दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिचं म्हणणं, गाढव नाही तर ऐकायचं कोणासाठी?

चौथा भाग मात्र पाचांत चांगला. कोणी काही म्हणो. चौथ्या भागात काळा राजा राणीच्या भावाला कैद करतो. राणीला सांगतो, तुझे डोळे दे, भावाला सोडतो. ती देते. राजा ते डोळे चांदीच्या डबीत ठेवतो, आणि डबीत ते उघडेच राहतात, बघत राहतात. भाऊ सुटतो आणि घोड्यावर बसून निघून जातो. राणी तळघरात बसते. हे वाचताना गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकलं नाही.

वाचून झालं, अर्थ सांगून झाला, राणीला कोणी तांब्याभर गरम पाणी दिलं त्यावर मिटायची ठरली. तेवढ्यात जिजीने पाटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मन्हा नेम शे. राणीले डोया मियतीन, तव्हय मी मन्हा करी लिसू."

म्हणजे राणीला डोळे मिळेपर्यंत ती स्वतःच्या डोळ्यांचं ऑपरेशन करणार नाही. आमच्याकडे पोथी चालू असताना असे नेम घेतात. कोणी गोड सोडतं, कोणी चप्पल सोडतं. मला त्या दिवशी काही वावगं वाटलं नाही. पाचवा भाग घरात फळीवर होता. राणीला डोळे मिळणार हे उघड होतं. महिन्या-दोन महिन्यांचा प्रश्न.

पाचव्या भागाबद्दल माझं मत वाईट आहे. निम्मं पुस्तक धुकं आहे. धुक्याने हरभऱ्याचं काय होतं ते मला विचारा, पण त्याला पानंच्या पानं लागत नाहीत. आणि राणीच्या भावाला लेखकाने उगाच नावं ठेवली आहेत. तो तळघरात बहिणीला भेटायला गेला नाही, हे खरं. पण त्याच्यामागे राज्य होतं, कामं होती. जिजीला हे पटायचं नाही. ती दर अध्यायाला विचारायची, भाऊ आला का? मी म्हणायचो, अजून नाही. ती म्हणायची, येवाऊ बी नही, मले ठाऊक शे.

असं करत आम्ही शेवटच्या पानावर आलो. राणी अंधारात चाचपडत झोपलेल्या काळ्या राजाच्या खोलीपर्यंत जाते. डबी तिच्या हाताला लागते. ती डबी छातीशी धरते. आणि शेवटचं वाक्य असं आहे: आणि तिने झाकण. पुढे एक आडवी रेघ. पान उलटलं तर मागे कोरं, आणि खाली बारीक अक्षरात, पुढील भाग लवकरच.

मी पान उन्हात धरून बघितलं. काही नव्हतं.

पोथी मिटता येईना. चांगलंही घडलं नव्हतं आणि वाईटही नव्हतं, नुसतं झाकण होतं. जिजी म्हणाली, राहू दे उघडी, पुढचा भाग आला की वाचू. तेव्हा पाचवा भाग तिच्या घरात पाटावर तसाच उघडा राहिला. रोज संध्याकाळी ती त्याच्यापुढे दिवा लावायची, कोंबड्या येऊन त्यावर बसू नयेत म्हणून वर जाळीची टोपली ठेवायची. दसरा गेला, संक्रांत गेली. लवकरच काही झालं नाही. सूनबाईने छापणाऱ्यांना फोन लावला. तिकडून सांगितलं की लेखक विचार करत आहेत. मी म्हटलं, मी विचार करत बसलो असतो तर कापूस कधी लावला असता? तिने ते फोनवर सांगितलं नाही.

आणि इकडे जिजीचे डोळे. गावात तपासणीला डॉक्टर आले होते, तिला धरून नेलं. त्यांनी बॅटरी मारून बघितलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं की मोती जास्त पिकलाय, आता थांबलात तर आत फुटेल, मग ऑपरेशन करूनही नजर येणार नाही. जास्त पिकलेल्या मिरचीचं काय होतं ते मला कोणी समजावून सांगायला नको. मी जिजीला सांगितलं. सुरतेहून तिच्या मुलाने फोनवर सांगितलं, आमच्या सूनबाईने सांगितलं. ती एकच बोलायची, "राणी तठे आंधळी बठेल शे, आन मी डोया करीसन फिरू?"

सूनबाई मला एकट्याला गाठून म्हणाली, "आबा, आत्याबाईंना वाचता येत नाही. तुम्ही सांगा की सहावा भाग आला. चार पानं तुमच्या मनाची वाचा. राणीला डोळे द्या आणि मोकळे व्हा."

मी तिला म्हटलं, "पोथीत नाही ते माझ्या तोंडून निघणार नाही. डोळे लेखकाने घेतले, तोच देईल."

"आणि आत्याबाईंचे गेले तर?"

सुनेशी वाद वाढवायचा नव्हता, म्हणून मी उठलो. पण मग दोन दिवस मी शेतात गेलो नाही, ओट्यावर बसून राहिलो. पदरचं वाचायचं नाही हे खरं. पण अर्थ? अर्थ वाचणाऱ्याचा, हेही वडिलांनीच सांगितलेलं. त्या अर्थात किती जागा असते ते मी विसरवाडीच्या ट्रकवरून आधीच बघितलं होतं.

दुसऱ्या दुपारी हातपाय धुऊन जिजीकडे गेलो. बाया खुडत होत्या. टोपली बाजूला केली, शेवटचं पान पोथीच्या चालीवर वाचलं, झाकणापर्यंत आलो, आणि अर्थ सांगायला बसलो. म्हटलं, जिजी, आपण जमिनीची माणसं. जमीन कोणाची हे कशावरून ठरतं? ताबा कोणाचा यावरून. कागद मागाहून होतात. डबी कुठे आहे? राणीच्या हातात. काळा राजा कुठे आहे? झोपलाय. म्हणजे डोळ्यांचा ताबा राणीकडे आला. डोळे तिला मिळाले. झाकण उघडणं हे कागदाचं काम, ते होईल सवडीने. तुझा नेम पुरा झाला.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एक म्हणाली, ताबा तर आलाच. दुसरी म्हणाली, माझ्या दिरानेही असंच केलं, आधी नांगर घातला. जिजी मिरची खुडत राहिली.

"हाई पोथीमा शे का तुन्हा अर्थ शे?" तिने विचारलं.

"अर्थ शे."

"ताबा मियना. पन तिले दखास का?"

"दखाले पेरनी करनी पडस," मी म्हटलं. "ताबा मियना म्हनीसन लगेच पीक येस का?"

मग तिने बायांना घरी जायला सांगितलं, मिरच्या अर्ध्या राहिल्या तरी. त्या गेल्यावर ती भिंतीला टेकली. मला वाटलं, आता ताब्यावर आणखी काही काढेल. ती म्हणाली, "मले भ्याव वाटस रे भाऊ. डोयामा सुरी घालतस."

हे तिने आधी कधी सांगितलं नव्हतं. मेहुणे गेले तेव्हा नाही, तिला साप चावला तेव्हा नाही. मी म्हटलं, सुरी नसते, बारीक सुई असते. तिला सुईनेही काही फरक पडला नाही.

"राणीना भाऊ एक डाव बी तिले दखाले उना नही," ती म्हणाली. "तू येशी का संगे? आतमा?"

मी म्हटलं, येतो. आणि पोथीही घेतो. कोणती ते ती म्हणाली नाही, पण पाचवा भाग नको हे दोघांनाही कळलं. शेवटच्या पानानंतर पहिल्या अध्यायाच्या चार ओळी परत वाचून पोथी मिटायची असते, हेही नियमातच आहे. पुढच्या भागाची वाट बघण्याच्या नादात मीच ते करायचं थांबलो होतो. मी पहिला भाग आणला. कुंभाराच्या मुलीच्या चाकावर ऊन पडलंय आणि तिला लांबून बाप येताना दिसतोय, अशी सुरुवात आहे. तेवढं वाचलं आणि पाचही भाग मिटले.

नंदुरबारला दवाखान्यात आम्ही एस.टी.ने गेलो. पहिला भाग लाल फडक्यात बांधून मी काखेत घेतला होता. दारातल्या माणसाने विचारलं, यात काय आहे. मी सांगितलं, पोथी. त्याने नमस्कार करून आत सोडलं. ऑपरेशनच्या खोलीत मात्र मला घेतलं नाही. मी दाराबाहेर उभा राहिलो आणि मोठ्याने जिजीला सांगितलं की मी इथे आहे. थोड्या वेळाने परत सांगितलं. आतून कोणीतरी बाहेर येऊन म्हणालं, बाबा, तिला कळलं तुम्ही आहात, आता गप्प राहा. मी गप्प राहिलो, पण खोकत राहिलो, म्हणजे तिला ऐकू जाईल.

एकाच डोळ्याचं झालं. दुसऱ्याचं पुढच्या महिन्यात करू म्हणाले. जिजीला पट्टी बांधून वॉर्डात झोपवलं. तिथे ओळीने खाटा, आणि प्रत्येक खाटेवर एका डोळ्याला पट्टी बांधलेला माणूस. बरेचसे डोंगरातले होते. दुपारी जिजी म्हणाली, वाच.

मी पहिला भाग पाटावर ठेवला. पाट नव्हता, औषधाचं स्टूल होतं. सुरू केलं. चाल लागली तसे लोक उठून बसायला लागले. मी वाचलं, अर्थ अहिराणीत सांगितला. समोरच्या खाटेवर धडगावकडचा एक म्हातारा होता, तो ते ऐकून शेजारच्या खाटेवरच्या आपल्या बायकोला पावरीत, त्यांच्या डोंगरातल्या बोलीत, सांगायचा. मी एक वाक्य वाचलं की ते तिच्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, म्हणून मी थांबायचो. गाव जळालं ते तिला उशिरा कळलं आणि ती उशिरा हळहळली. काका फासावर गेला. विहिरीत विष पडलं. तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, बाबा, आता बंद करा, पेशंटना आराम करू द्या.

मी तिला सांगितलं की इथे मिटता येत नाही, वाईट चाललंय. तिने विचारलं, मग कधी मिटाल? जिजी पट्टीखालून म्हणाली, गाढव येऊ दे. समोरच्या म्हाताऱ्याने ते पावरीत सांगितलं. मग सगळा वॉर्ड गाढवाची वाट बघायला लागला. नर्स हातात गोळ्यांची ताटली घेऊन उभी राहिली. दोनदा तिला बाहेरून हाक आली, ती म्हणाली, आले, एक मिनिट. आणि सूर्य उगवेनासा झाल्यावर, रानातली भुतं येऊन गेल्यावर, ते लंगडं गाढव जळक्या गावातून चालत आलं. त्याला विहिरीपाशी हिरवं गवत मिळालं. म्हाताऱ्याने बायकोला सांगितलं. ती हसली, उशिरा. सगळ्यांनी हात जोडले, नर्सने ताटली खाटेवर ठेवून जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. डॉक्टरांनी बोटं धरून विचारलं, किती? जिजीने तीन म्हणून सांगितलं आणि त्यांचा हात बाजूला करून माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं. मग म्हणाली की तू फार म्हातारा झालास, आणि पोथी दे इकडे. मी फडकं सोडून पुस्तक तिच्या हातात दिलं. तिने ते जवळ धरलं, लांब धरलं, खिडकीकडे नेलं.

"हाऊ कोन?"

मी सांगितलं, काळा राजा.

"हाऊ? याले तं सर्दी व्हयेल शे." तिने पुठ्ठा पालथा केला, परत सुलटा केला, कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. "यामा गाढव कोठे शे?"

मी सांगितलं की गाढवाचं चित्र काढलेलं नाही. तिने पुस्तक मला परत दिलं, आणि त्या लेखकाबद्दल जे म्हणाली ते मी इथे लिहीत नाही, पण माझं मत त्याहून वेगळं नाही.

सहावा भाग अजून आलेला नाही. राणीच्या हातात डबी आहे, ताबा तिचाच आहे. जिजीचा दुसरा डोळा राहिलाय. रोज दुपारी मी तिच्या ओट्यावर वाचतो, ती एका डोळ्याने मिरची बघून खुडते आणि पहिल्यापेक्षा हळू खुडते. गाढव गेल्यावर यायची थांबलेली बाई परत यायला लागली आहे. आम्ही आता दुसऱ्या भागात आहोत, राजाचा खोकला वाढलाय, आणि मी मुद्दाम सावकाश वाचतो. तिसरा भाग मी सूनबाईला धडगावला नेऊन ठेवायला सांगितलाय. जिजीचा दुसरा डोळा झाल्याशिवाय तो घाट उतरणार नाही.